दूरच्या ग्रहावरचे ढग आणि आपली ‘गार’

प्रश्न असा आला आहे: “तप्त गुरू म्हणतात त्या ग्रहांवरचे ढग पाण्याचे नसतात. मग त्यांना ढग म्हणावं, मेघ म्हणावं की ‘स्फटिकमेघ’? आणि असे ग्रह म्हणजे बाह्यग्रहच ना?”

तप्त गुरू म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारे, गुरूसारखे अवाढव्य आणि वायूचे, पण भाजून निघालेले ग्रह. शेवटचं आधी. नाही! बाह्यग्रह म्हणजे आपल्याच सूर्यमालेतले, लघुग्रहांच्या पट्ट्यापलीकडचे गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला तेच नाव दिलं की वाचणारा पोर शनीपाशीच अडकतो. ‘परग्रह’ हा शब्द परग्रहवासीयांमुळे घराघरांत माहीत आहे. तो सोडून बाह्यग्रह लिहिणारे रोज भेटतात आणि रोज चीड येते.

ढग म्हणायला काहीच हरकत नाही. धुळीचा ढग आपण म्हणतो, धुराचे ढग म्हणतो, तिथे पाण्याची अट कुणी घालत नाही. जलद, नीरद, पयोद मात्र वापरू नका, त्यांच्या पोटातच पाणी आहे. आणि ‘वाळूच्या वाफेचे ढग’ असं तर कुणीच लिहू नये. वाफ दिसत नाही. ती थिजून तिचे कण झाले, की ते कण म्हणजे ढग. तप्त गुरूंवर पाण्याची वाफ सापडलेली आहे, पण हजार-दीड हजार अंशांत तिचा थेंब होत नाही. तिथे थिजतात ती खनिजं.

आता ‘स्फटिकमेघ’. हा शब्द भारदस्त दिसतो म्हणून जाणकारही सुचवतात आणि मला तो साफ नामंजूर आहे. मराठी विज्ञानात स्फटिक म्हणजे कुठल्याही पदार्थाचा नियमित रचनेचा खडा: साखरेचा, मिठाचा, तुरटीचा, बर्फाचा. आपल्या डोक्यावर उंच आकाशात पिंजल्यासारखे पांढरे ढग दिसतात, तेही बर्फाच्या स्फटिकांचेच असतात. मग स्फटिकमेघ म्हणून नेमकं काय सांगितलं? ‘वाळूचे ढग’ त्याहून बरं, पण वाळू हे कणाचं नाव आहे, पदार्थाचं नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू इल्मेनाइट या लोखंड-टायटॅनियमच्या खनिजाची आहे.

पदार्थ कोणता ते सांगते. वास्प-१७बी हा असाच एक तप्त गुरू वृश्चिक राशीच्या दिशेला सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, पण फुगून आकारमान गुरूच्या सातपटींहून जास्त, आणि वर्ष आपल्या पावणेचार दिवसांचं. तो आपल्या ताऱ्यासमोरून सरकताना जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून गाळून आलेला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश टिपला. ८.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास तो प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त अडवला जात होता. अडवणारे कण होते सिलिकॉन डायऑक्साइडचे, म्हणजे क्वार्ट्झचे. हे २०२३ मध्ये जाहीर झालं. मॅग्नेशियमची सिलिकेटं, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनसोबत मॅग्नेशियम असलेली खनिजं, सापडतील असा कयास होता, निघालं निव्वळ क्वार्ट्झ.

आणि क्वार्ट्झला मराठीत काय म्हणतात? गार! गारगोटीतली गार. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत ती तयार होते, कातळ झिजला की शेतात, ओढ्यात येऊन पडते. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून आतला पिवळट उजेड बघत बसायचो. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचं नावही ‘गारगोटी’ आहे. आणि आकाशातून पडते तिलाही आपण गारच म्हणतो. ढगातून येणारी आणि दगडाची, दोघींना एकच शब्द, असं भाग्य किती भाषांना लाभलं असेल?

हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले असं मानणारे आहेत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. माझ्या मते दगडाची गार आधीची. आभाळातून तसाच पांढुरका, अर्धपारदर्शक खडा पडला, तेव्हा त्याला दुसरं नाव कशाला शोधायचं? अमरकोशात गारेला करका म्हटलं आहे आणि वर्षोपलही, म्हणजे सरळ पावसातला दगड. हिंदीतला ओला त्याच उपलाचा वंशज मानतात. इंग्रजीच्या हेलस्टोनमध्येही दगड आहेच. इतक्या भाषांनी दगडाकडूनच शब्द घेतला, मग मराठीनेच काय म्हणून घेऊ नये? याच्याही पुढे जाऊन मी म्हणते की ‘गार पाणी’, ‘गारवा’, ‘गारठा’ यांतलं गारपण त्या पडलेल्या गारेचं आहे. थंड हा शब्द ‘स्तब्ध’वरून आला असं मानतात, म्हणजे तिथेही आधी ताठरपणा आणि मग थंडी. गारेचा प्रवास तसाच झाला, अशी माझी खात्री आहे.

म्हणून वास्प-१७बीवरचे ते गारेचे ढग. ‘गारांचे’ नव्हे, ‘गारेचे’: एकवचनात पदार्थ कळतो, अनेकवचनात गारपीट आठवते. गारपीट तिथे नाहीच. ते कण जेमतेम १० नॅनोमीटरचे आहेत, केसाच्या रुंदीत दहा हजार बसतील एवढे. ते उंचावर तरंगतात. तिथला दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाएवढा, त्यामुळे सुमारे १,५०० अंश सेल्सियसला वायूतून थेट घन कण बनतात, मधे द्रव होतच नाही. तेव्हा या ग्रहाबद्दल ‘वितळलेल्या काचेचा पाऊस’ लिहिणाऱ्यांनी पेन खाली ठेवावं.

याहूनही तापलेल्या हॅट-पी-७बी या ग्रहावरचे ढग ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. माणिक आणि नीलम याच खनिजाचे. बातम्यांत त्याचं नाव ‘कोरंडम’ छापून येतं. अहो, तो शब्द इंग्रजीत गेला तोच मुळी तमिळ कुरुंदम्‌वरून, संस्कृतात त्याचा भाऊबंद कुरुविंद आहे, आणि आपल्याकडे धार लावायचा दगड कुरुंदाचा असतो. कुरुंदाचे ढग लिहा.