‘हौस’ हिंदीत कशी सांगायची?

नागपूरच्याच एका बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मजल्यावर निम्मी घरं हिंदी बोलणारी. मुलीनं शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं, ‘माझी आई रोज सकाळी हौसेनं रांगोळी काढते.’ मैत्रीण म्हणाली, ‘हौस मतलब?’ मुलीनं कोश उघडला, तर मूळ शब्द निघाला ‘हवस’. ती दचकलीच. बाई विचारतात, हे दोन्ही शब्द खरंच एक आहेत का, आणि असतील तर आमची हौस एवढी निर्मळ कशी?

शब्द एकच आहे. मूळ अरबी ‘हवस’. त्यात तीव्र इच्छा आणि वेड अशा दोन्ही छटा. फारसीतून तो आपल्या भाषांत आला. ‘अव’ आणि ‘औ’ यांची अदलाबदल मराठीला नवी नाही: चवथा-चौथा, चवदा-चौदा, गवर-गौर. तसंच हवस-हौस. उर्दू शायरीनं हवस इश्काच्या विरुद्ध बाजूला बसवली आणि हिंदीत तिचा अर्थ वासनेपाशी येऊन थांबला. मराठीनं मात्र तोच शब्द घरात घेतला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. हौस, मजा, खुशी हे शब्द कचेरीतले नव्हतेच, ते माजघरात रुळले.

पण मला खरी गंमत वाटते ती या शब्दाबरोबर येणाऱ्या क्रियापदांची. हाव सुटते. हव्यास धरतात. नाद लागतो, छंद जडतो. हौस मात्र फिटते, भागते, पुरवता येते. ‘फिटणे’ हे क्रियापद आपण आणखी कुठे वापरतो ते आठवून पाहा: कर्ज फिटतं, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. हाव फिटली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मराठीनं इच्छेची अशी वाटणी करून टाकली आहे. न संपणारी भूक हाव आणि हव्यासाकडे गेली, आणि मन भरून निवणारी इच्छा हौसेकडे आली. (नागपुरात ‘हाव’ म्हणजे ‘होय’ही, पण तो शब्द वेगळा.)

दुसरं म्हणजे, हौस बरेचदा दुसऱ्यासाठी असते. सुनेचं डोहाळजेवण हौसेनं करतात, नातवाची हौस पुरवतात. शौक आपल्यापुरता असतो आणि त्यात खर्चाचा, सवयीचा वास येतो. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण खर्चाचं समर्थन म्हणून वापरतात, पण मला ती अशीही ऐकू येते की ज्याची किंमत लावायची नाही ती हौस. म्हणून तर पैशासाठी नव्हे, आवडीपोटी नाटक करणाऱ्याला आपण हौशी म्हणतो. इंग्रजी ‘अमॅच्युअर’च्या मुळाशीही ‘प्रेम करणारा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आणि जत्रेला जमणारे हौसे, नवसे, गवसे आठवा. नवशाला काही फेडायचं असतं, गवशाला काही गवसायला हवं असतं. हौसा नुसता जत्रेसाठी आलेला.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण, आठवड्यावर आला की ते माळ्यावरून नातवाचा लाकडी बैल काढतात. पांढऱ्या रंगाचा एक हात, शिंगांना लाल, चाकांच्या आसात खोबरेल तेलाचे दोन थेंब. झूल आजींच्या जुन्या साडीच्या काठाची, कडेला टिकल्या. नातू आता पुण्यात नोकरीला आहे. मागच्या वर्षी मी विचारलं, ‘यंदा येणार का जी तो?’ ब्रश न थांबवता म्हणाले, ‘तो कुठचा येते आता. पर मले हौस हाय ना.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बैल गल्लीतल्या दुसऱ्याच पोराच्या हातात होता. ते पोर बैल ओढत आजोबांच्याच दाराशी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आलं आणि आजोबांनी ती खिशातून काढून दिली. हौस फिटल्यावर माणसाचा चेहरा कसा दिसतो, ते मी त्या दारात पाहिलं.

कडू वापरही आहेत. ‘मला काय हौस आहे?’ असं वैतागून म्हणतो, ‘फिटली हौस!’ असं पस्तावून म्हणतो. हे टोमणे टोचतात, कारण मूळ शब्द गोड आहे.

आता मुलीच्या अडचणीकडे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होतं, तिथे हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या. आजही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एकच माणूस एका वाक्यात दोन्ही बोलतो. त्यामुळे असे जुळे शब्द इथे रोज समोरासमोर येतात. ‘शौक से’ म्हटलं तर चालेल, पण रांगोळीला तो थोडा ऐटबाज वाटतो. हिंदीत ‘चाव’ आहे. बड़े चाव से खिलाया, बड़े चाव से सजाया, असं म्हणतात, आणि त्यात हौसेतला जीव पुरता उतरतो. तेव्हा मैत्रिणीला सांगायचं, ‘माँ रोज़ सुबह बड़े चाव से रंगोली बनाती है.’ आणि ती समोरच राहते, तर सकाळी लवकर उठून दारात येऊन बसायलाही सांगा.