माझगावची ज्यू शाळा: वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: कचेरीला जाताना ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, मला रोज दिसते. आमच्या शेजारी राहणाऱ्या बेने इस्रायली (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) आजी नेहमी म्हणत, ‘आमची शाळा माझगावला.’ अलीकडे त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा शाळेत बहुसंख्य मुले मुसलमान असल्याचे कळले. ही शाळा मुळात कोणी आणि कशासाठी काढली? १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यामुळेच तेथील ज्यू मुले संपली का? (एक वाचक, चरई, ठाणे)

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे ठरावीक उत्तर अर्धेच खरे आहे. १९४८चा परिणाम झाला यात शंका नाही, परंतु शाळेतील मुलांची संख्या दुसऱ्याही कारणांनी घटत होती आणि त्यांतील एक कारण आपल्या ठाण्याशी निगडित आहे.

ही शाळा १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इस्रायलाईट स्कूल’ या नावाने सुरू केली. आडनावावरून गाव ओळखण्याची आपली कोकणी रीत येथेही लागू पडते: केहिमकर म्हणजे अलिबागजवळच्या किहीमचे. बेने इस्रायली मुले त्यापूर्वी शिकत नव्हती असे नाही. अमेरिकन मिशनच्या आणि पुढे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या शाळांत ती शिकत होती. विल्सन यांनी तर १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू असला, तरी धर्मांतर फारच थोड्यांनी केले आणि आपले धर्मग्रंथ मूळ भाषेत वाचण्याचे साधन मात्र समाजाच्या हाती आले. मिशनच्या खात्यात ही जमा कशी मांडली गेली असेल, याचे आम्हाला कुतूहल आहे.

तरीही अडचण उरली ती शनिवारची, कारण ज्यू धर्मात तो काम न करण्याचा, विश्रांतीचा दिवस. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गाव ‘शनवार तेली’ म्हणत असे. त्यांची मुले मुंबईत सरकारी किंवा मिशनच्या शाळेत गेली, की शनिवार पाळायचा की हजेरी लावायची, हा प्रश्न दर आठवड्याला घरात उभा राहत असे. मॅट्रिकची वाट मोकळी राहावी आणि हिब्रू व सणवारही सुटू नयेत, यासाठी स्वतःची शाळा हवी होती. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला आर्थिक हातभार लावला.

या शाळेच्या इतिहासातील सर्वांत भरीव काळ रिबेका रूबेन यांचा आहे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी १९०५ साली, म्हणजे वंगभंगाच्या वर्षी, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिली आली. मुलींना शिकवावे की नाही याची चर्चा घरोघरी चालू असतानाची ही गोष्ट आहे. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या आल्या त्या वर्षी चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला होता आणि त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी भारत प्रजासत्ताक झाला. समाजही या घडामोडींपासून अलिप्त नव्हता. राजकारणात स्वतंत्र समाज म्हणून उतरावे की नाही, यावरून १९१७च्या सुमारास बेने इस्रायलांत परिषद आणि लीग असे दोन तट पडले होते, तर डॉ. अब्राहम एरुळकर हे गांधीजींच्या उपवासांत त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते.

आता १९४८कडे येऊ. या देशात बेने इस्रायलांचा छळ झाला म्हणून ते गेले, असे कोणी सांगितल्यास ते चूक आहे. एक ओढ अर्थातच धर्माची होती. दुसरी गोष्ट व्यवहाराची: रेल्वे, पोस्ट, कस्टम आणि सरकारी कचेऱ्यांत या समाजाने इंग्रज अमदानीत जम बसवला होता आणि इंग्रज गेल्यावर तो टिकेल की नाही, याची धास्ती होती. तरीही सारे एकदम गेले नाहीत. १९५२च्या सुमारास काही कुटुंबे इस्रायलमधील वागणुकीला कंटाळून, धरणे धरून भारतात परतली. बेने इस्रायलांना विवाहासाठी पूर्ण ज्यू मानावे की नाही, यावरून तेथे वाद पेटला आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. जाणे हे असे अडखळत झाले, त्यामुळे शाळाही वर्गावर्गाने रिकामी होत गेली.

राहिलेल्यांपैकी अनेकांनी मुंबईची गर्दी सोडून ठाणे गाठले. येथील ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग १८७९चे, म्हणजे शाळेहून चारच वर्षांनी धाकटे, त्यामुळे जागा परकी नव्हती. परंतु पहिलीतल्या मुलाला रोज ठाण्याहून माझगावला कोण पाठवणार? ते घराजवळच्या शाळेत गेले. माझगावच्या बाकांवर आसपासच्या वस्तीतली मुले आली. शाळेला मुले हवी होती आणि वस्तीला शाळा. आपल्या शेजारच्या आजींना विचारून पाहावे: त्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत गेली?

प्रश्न: त्या शाळेला ‘सर एली कदूरी’ असे नाव आहे. हे कदूरी कोकणातले का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर: नाही. ते मूळचे बगदादचे ज्यू आणि हाँगकाँग व शांघायचे मोठे व्यापारी. त्यांच्या देणगीमुळे १९३०च्या दशकात शाळेला त्यांचे नाव मिळाले. मुंबईच्या बगदादी ज्यूंची वेगळी शाळा भायखळ्याला, ससून घराण्याने काढलेली. दोन्ही समाजांत रोटीबेटीचे अंतर बरेच होते, म्हणून एका बगदाद्याचे नाव बेने इस्रायलांच्या शाळेला लागणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. कदूरी स्वतः १९४४ साली जपानी ताब्यातील शांघायमध्ये नजरकैदेत वारले.