रोयणीची अळमी आणि बाबांचे ट्रक

पत्र (थोडक्यात): मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, आजवर 78 टक्के. अळंब्यांमधल्या जड धातूंवर संशोधन करायचं म्हणते. कुत्र्याच्या छत्र्यांवर कुणाचं पोट भरलंय? बी.एड. करून शाळेत लागली तर आमची काळजी मिटेल. खाणीवर आमचे दोन ट्रक आहेत, आणि ही आमच्याच गावातली अळमी (अळंबी) तपासणार. खाणीमुळे अळमी विषारी झाली हे सिद्ध करणार म्हणते. नेटवरचा एक तक्ताही दाखवला, त्यात आकडे मर्यादेच्या दहापट होते. मी तिच्या सरांना फोन करून प्रोजेक्टचा विषय बदलायला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही तिला समजवा.
– एक पालक, डिचोली, गोवा

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, नेहमीचंच आहे: मुलीला संशोधन हवंय, वडिलांना पक्की नोकरी. दुसऱ्यांदा वाचताना ट्रकच्या वाक्याशी अडलो. बी.एड.बद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, छत्र्यांबद्दल एक, आणि बाकी पत्रभर खाण, गाव आणि तो फोन. तेव्हा स्पष्टच विचारतो. हीच मुलगी महाबळेश्वरच्या अळंब्या तपासणार असती, तर तुम्ही मला पत्र लिहिलं असतंत का?

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली न्यायालयाच्या निकालाने लीज रद्द झाल्या आणि पुन्हा थांबल्या. त्या काळात दारात उभे राहिलेले ट्रक आणि न थांबणारे हप्ते डिचोली-सत्तरीच्या घराघरांनी पाहिले. अशा घरातली मुलगी उद्या गावातल्या अळमीत अमुक इतकं शिसं सापडलं म्हणून सांगणार, आणि चार लोक ते बापाला ऐकवणार. ही धास्ती मला समजते. पण ती तुम्ही तिला सांगितली नाहीत. तिला सांगितलंत की या विषयाला भविष्य नाही. ती शास्त्राची विद्यार्थिनी आहे, कारण खोटं आहे हे तिला कळतं. अबोला त्याचाच आहे.

आणि तो फोन. इतक्या वर्षांत मार्कांनी खचलेली मुलं मी पुष्कळ पाहिली, ती सावरतात. घरच्यांनी परस्पर सरांशी बोलून विषय फिरवला, हे विसरलेलं मूल मात्र मला आठवत नाही. हा फोन चुकीचा होता. सरांना पुन्हा फोन करा आणि आधीचं बोलणं मागे घ्या, तिच्यासमोर.

तिला समजवायचं तुमचं काम मी करणार नाही. पण तिच्याशी माझंही एक भांडण आहे, ते ऐका. ‘खाणीमुळे अळमी विषारी झाली हे सिद्ध करायचंय’ म्हणणाऱ्या मुलीने उत्तर आधीच लिहून ठेवलंय, आता ती फक्त आकडे शोधणार. याला मी संशोधन म्हणणार नाही.

अळंबीत धातू सापडला म्हणजे तो प्रदूषणातूनच आला, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. काही अळंब्या स्वभावानेच धातू साठवतात. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली छत्री असते ना, ती अमानिटा मस्कारिया. ती साध्या, स्वच्छ मातीतूनही व्हॅनेडियम हा धातू ओढून घेते, आणि तो तिच्यात अमावाडिन नावाच्या खास संयुगात बांधलेला असतो. तिचीच एक बहीण चेक प्रजासत्ताकातल्या, चांदीचं नावही नसलेल्या भागात मातीपेक्षा शेकडो पटींनी जास्त चांदी बाळगून उगवते. अगॅरिकस वंशातल्या कित्येक रानटी जाती कॅडमियमच्या बाबतीत तशाच. मग जात कोणती, तिच्या खालच्या मातीत काय होतं, खाणीपासून लांब उगवलेल्या त्याच जातीत किती निघालं, टोपीत किती नि देठात किती, हे सगळं मांडल्याशिवाय एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्यात आपली रोयणीची, म्हणजे वारुळावर उगवणारी, अळमी आणखी अवघड. ती वाळवीने पोसलेल्या बुरशीची, आणि वाळवी वारुळासाठी खालच्या थरातली माती वर आणते. म्हणजे वरवरची मूठभर माती तपासून भागणार नाही. गोव्याच्या खनिजात मुख्यतः लोह आणि मँगनीज असतं. ते अळमीत सापडलं तर नवल नाही. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आता तो दहापटीचा तक्ता. त्यातले आकडे सुक्या वजनावरचे आहेत का, हे तिला विचारा. ताज्या अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. संशोधक ती वाळवून मोजतात, युरोपातल्या मर्यादा मात्र ताज्या वजनावर ठरलेल्या असतात. सुक्याचा आकडा ओल्याच्या मर्यादेशेजारी मांडला की तो आपोआप दहापट फुगलेला दिसतो. शिकलेले लोकही इथे फसतात, आणि बातम्या तर हमखास. उलट्या बाजूने हेही खरं, की हिशेब नीट केल्यावरही काही ठिकाणचे आकडे जास्त येतात. पोलंडमधल्या ग्दान्स्क विद्यापीठात येर्झी फालान्दिश यांनी अळंब्यांतल्या पाऱ्यावर अनेक दशकं काम केलंय, ते काही हौसेखातर नाही.

‘छत्र्यांवर पोट’ हा तुमचा प्रश्न उरला. पोट छत्रीवर भरत नाही, मोजण्यावर भरतं. नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातला अब्जात एक भाग धातू खात्रीने सांगणं ही वेगळी कारागिरी आहे. अळंबीवर ती शिकलेला माणूस उद्या तांदळातलं आर्सेनिक मोजतो, हळदीतलं शिसं मोजतो, निर्यातीच्या कोळंबीतलं कॅडमियम मोजतो. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांना, औषध कंपन्यांना, पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांना अशी माणसं लागतात. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षाही आहे. शाळेतली कायम नोकरी तुम्ही समजता तितकी सहज हाती लागत नाही, हे आजूबाजूच्या बी.एड. झालेल्या चार मुलींना विचारून पाहा.

तिचा कच्चा दुवा मला दिसतो तो रसायनशास्त्र. अळमी ओळखता येणं ही तिची जमेची बाजू, पण मोजायला येत नसेल तर ती दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहील. म्हणून एम.एस्सी.चा विभाग निवडताना विद्यापीठाचं नाव नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारायच्या: धातू मोजणारं आयसीपी-एमएस किंवा निदान एएएस यंत्र चालू स्थितीत आहे का, आणि विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का. पुष्कळ ठिकाणी यंत्र असतं, पण कुलपात. पर्यावरणशास्त्र किंवा अन्नसुरक्षेकडे वळली तरी चालेल. सीयूईटी-पीजी, जॅम या प्रवेशपरीक्षा, पुढे नेट हे मार्ग तिला माहीत असतीलच. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, हे तुमच्या माहितीसाठी. बुरशीशास्त्रासाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. आणि तुमच्या ताळगावच्या गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारख्यांनी रोयणीच्या अळमीवर काम करून ठेवलंय, तिने ते आधी वाचावं.

आता तुमच्यासाठी काम. खाण सुरू होण्याआधी कुठल्या रोयणीवर अळमी यायची, कुठली रोयण ट्रकच्या रस्त्याखाली गेली, कुठे अजून येते, हे गावात तुमच्याएवढं कुणाला ठाऊक असेल? तिच्या अभ्यासाला खाणीजवळचे आणि खाणीपासून लांबचे नमुने लागतील, आणि त्या जागा कुठल्याही तक्त्यात मिळणार नाहीत. पावसात तिच्याबरोबर जा. सगळी अळमी उपटू देऊ नका, अभ्यासापुरतीच घ्या. स्टीलची सुरी घरी ठेवा, तिचाच धातू नमुन्यात उतरतो. प्लास्टिकची चालेल. टोपीवर लाल धूळ असेल तर ती धुवायची की तशीच मोजायची, हे तिने निघण्याआधी वहीत लिहून ठेवायला हवं. ती धूळ कुठून येते ते तुम्हाला माहीत आहे. तिलाही आहे. त्यावर रानातच बोला, घरी नको.

पुढचं पत्र तिने लिहावं. तुम्ही वाचून पाठवलं नाहीत तर जास्त बरं.