थंडीआधी भाड्याच्या घरांची तयारी: नळ, पाइप आणि भाडेकरू

तुम्ही विचारलंय की घरमालक म्हणून पहिलीच कडक थंडी आहे, दोन घरं आहेत, एकात भाडेकरू आहेत आणि दुसरं महिना-दीड महिना रिकामं राहणार, तर आधी काय करून ठेवायचं. बरीच वर्षं हेच करतोय म्हणून सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

सगळ्यात आधी रिकाम्या घराचं बघा. भाडेकरू असले की काही झालं तर निदान फोन तरी येतो हो, रिकाम्या घरातून कोण फोन करणार? माझं पहिल्याच वर्षी असं झालं. जुने भाडेकरू गेले, नवे तीन आठवड्यांनी येणार होते, म्हटलं कशाला उगाच बिल वाढवा आणि हीटिंग पूर्ण बंद करून आलो. नंतर दार उघडलं तर लाकडी फ्लोरिंग मधोमध फुगून उभं राहिलेलं, सीलिंगचा अर्धा भाग खाली आणि भिंतीतून पाण्याचा सूं आवाज चालूच. प्लंबरने पाइपाचा तुकडा कापून हातात दिला, त्याला चीर केवढी तर नखाएवढी! तेवढ्या चिरेतून किती दिवस पाणी जात होतं कोण जाणे.

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलोय, पण पाइप बहुतेक वेळा बर्फ झालाय तिथे फुटतच नाही. बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत वाढत पाइप कुठेतरी कच्च्या जागी फुटतो. म्हणून तर कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीकडचा नळ बारीक धारेने चालू ठेवा म्हणतात, त्याने दाब सुटतो. आणि एक लक्षात ठेवा, गोठलेलं असताना गळती दिसत नाही, बर्फ वितळला की कळते, म्हणजे थंडी ओसरली म्हणून आपण निर्धास्त झालो की त्याच दिवशी.

तर रिकाम्या घराला दोनच रस्ते. एक तर थर्मोस्टॅट (घरात किती तापमान ठेवायचं ते ठरवणारं बटण) १२-१३ अंश सेल्सियसच्या खाली न नेता हीटिंग चालू ठेवा आणि दर आठवड्याला कोणीतरी आत जाऊन चक्कर मारून येईल असं बघा. नाहीतर पाणी पूर्ण काढून टाका: मेन व्हॉल्व (घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा) बंद, मग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे नळ उघडे, फ्लश करून टाक्या रिकाम्या. गीझर रिकामा करायच्या आधी त्याची वीज किंवा गॅस बंद करायला विसरू नका, विजेवरचा असेल आणि कोरडा तापला तर एलिमेंट जळतं. सिंक आणि कमोडच्या वळणात पाणी उरतंच, त्यात प्लंबिंगसाठी मिळणारं बिनविषारी अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओता, गाडीचं नको, ते विषारी असतं. रेडिएटर (आत गरम पाणी फिरून खोली तापवणारे) असतील तर त्यांचं पाणी वेगळं फिरतं, नळ उघडून ते जात नाही, ते प्लंबरकडूनच करून घ्या. माझं मत विचाराल तर दीड महिन्यासाठी हीटिंग चालू ठेवणं बरं, पण मेन तरी बंद ठेवा, म्हणजे फुटलंच तर घरात आहे तेवढंच पाणी सांडेल. फक्त हीटिंगचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरला त्याच लाइनमधून पाणी लागतं का तेवढं आधी विचारून घ्या. इन्शुरन्सची पॉलिसीही काढून वाचा, घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर क्लेम नाकारायची अट त्यात बऱ्याचदा असते.

आता दोन्ही घरांचं. बाहेरच्या नळाची होज (बागेची रबरी नळी) काढून ठेवा, होज लावलेली राहिली की पाणी आत अडकतं आणि थंडीसाठी म्हणून घेतलेला खास नळसुद्धा फुटतो. पन्हळी पानं पडून झाल्यावर साफ करा, आधी केल्या तर परत कराव्या लागतात. बॉयलर किंवा फर्नेसची (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची) सर्व्हिसिंग थंडी सुरू व्हायच्या आत, नंतर कोणी वेळेवर येत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतः बटण दाबून वाजवून बघा, जळण नीट झालं नाही की होणाऱ्या या विषारी वायूला वास नाही रंग नाही, त्यामुळे इथे उद्या बघू चालत नाही.

पोटमाळ्यावर इन्सुलेशन घालणार असाल तर एक गंमत आहे. जमिनीवर जाड थर घातला की खालची खोली उबदार होते पण पोटमाळा पहिल्यापेक्षा गार पडतो, म्हणजे तिथले पाइप आणि टाकी आता जास्त धोक्यात. त्यांना फोमचं आवरण घाला आणि टाकीच्या बरोब्बर खाली इन्सुलेशन ठेवू नका, खालची ऊब तिला लागू दे.

राहिले भाडेकरू, आणि खरं काम इथेच आहे. त्यांना नुसता मेसेज पाठवून भागत नाही, घरी जा, मेन व्हॉल्व कुठे आहे ते दाखवा आणि *त्यांच्याच हाताने* बंद-चालू करून घ्या. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व जाम झालेला असतो, तेही तेव्हाच कळतं. दोन वर्षांपूर्वी रात्री एक वाजता भाडेकरू ताईंचा फोन, "दादा, सिंकखाली फुटलंय, मी मेन बंद केलाय, आता काय करू?" नुकसान काय तर एक पायपुसणं आणि कपाटाचा तळ. गावाला जाताना हीटिंग बंद करायचं नाही, कमी करायचं, हे तोंडी सांगाच पण अॅग्रीमेंटमध्येही लिहा. नळाला पाणी येईनासं झालं तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने हेअर ड्रायरने पाइप गरम करत मागे जायचं, मेणबत्ती, लायटर अजिबात नाही.

बुरशीवरून मात्र भांडू नका. भाडेकरू व्हेंट (हवा खेळायच्या जाळ्या) बुजवतात, कपडे आत वाळवतात, सगळं खरं, पण थंड वारा येतो म्हणून बुजवतात ना. आधी दार-खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावा, बाथरूमचा एक्झॉस्ट चालतोय का बघा, मग बोला.

त्या रिकाम्या घरात रेडिएटर आहेत की गरम हवेचं हीटिंग ते लिहा, त्यावर पाणी काढायचं की नाही ते ठरवू.