तणनाशक मारल्यावर तण पिवळं पडलं, पण मेलं नाही. औषध बोगस निघालं का?

तुम्ही लिहिलंय, सोयाबीनला इमॅझेथापायर मारलं, तण पिवळं पडलं आणि महिन्याभरात परत हिरवं झालं. शेजाऱ्याच्या रानात मात्र त्याच औषधानं साफ. दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी आठवून बघा, फवारलं त्या दिवशी तण किती पानांवर होतं?

मी कराडकडचा. कृष्णाकाठची काळी जमीन, पाऊस लागून राहिला की रानात पाय घालता येत नाही. एका साली वापसा येईपर्यंत पेरणीला ३५ दिवस होऊन गेले. गवत वीतभर, फुटवे आलेले. तरी मारलं. तण थोडे दिवस आजारी दिसलं, मग बुडातून उठलं. औषधाचे पैसे गेले, वर भांगलणीचे, म्हणजे हातानं तण काढायचे, गेले ते वेगळेच.

हे औषध तणाला जाळत नाही. पानामुळांतून शिरून शेंड्याची वाढ थांबवतं; तण मरायला दोन-तीन आठवडे जातात. दोन-तीन पानांच्या रोपाला शेंडा एकच, पान कोवळं, मुळाशी शिल्लक काही नसते. फुटवे आले की प्रत्येकाला आपला शेंडा, जुन्या पानावर मेण जाड आणि वरच्या पानांची खालच्यांवर छत्री. एकरी ४०० मिली औषध तेवढंच, खाणारी तोंडं वाढलेली. म्हणून पेरणीनंतर १५ ते २० दिवस सांगतात. मी दिवस नाही, पानं मोजतो. आणि उशीर झाला म्हणून डोस वाढवू नका, सोयाबीनच आखडून बसतं.

हराळीचं, म्हणजे त्या चिवट पसरणाऱ्या गवताचं, मात्र उलटं. तिचा जीव जमिनीखालच्या काड्यांत. कोवळी असताना अन्न खालून वर चढतं, मग वर मारलेलं औषध खाली जाणार कसं? पडीक रानात ग्लायफोसेट, म्हणजे पीक-तण न बघता सगळंच मारणारं तणनाशक, मारायचं तर ती भरपूर पानावर, फुलोऱ्याकडे झुकलेली हवी. पाण्यानं ताणलेली, धुळीनं माखलेली असेल तर तेही वाया. आणि गढूळ पाणी पंपात घालू नका, मातीला चिकटून ग्लायफोसेट निकामी होतं. उभ्या सोयाबीनमध्ये हराळीचा नाद सोडा.

तुमचं पीक आता दीड महिन्याचं म्हणताय. दुसरी फवारणी नको. बायका लावून भांगलून घ्या, तण बी धरायच्या आत, आणि उपटलेलं बांधाबाहेर टाका. ओल्या सरीत टाकलेला केना, हे एक तणच, कांड्याकांड्याला परत मुळ्या सोडतो.