पेरॉक्साइडची बाटली हाताळण्याआधी

औषधाच्या दुकानात मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांचं, लॅबमधलं ३० टक्क्यांचं. दोघांना एका मापात तोलू नकोस. दुसऱ्याच्या एका लिटरमधून साधारण १०० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, म्हणूनच त्याच्या झाकणाला हवा जायची सोय असते. ते बदलून घट्ट बूच लावायचं नाही. बाटली फुगलेली दिसली तर हात न लावता सगळ्यांना बाहेर काढ आणि वरिष्ठांना बोलाव.

उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही म्हणजे नाही. गंजाचा कणही विघटन सुरू करायला पुरतो.

नवखे हमखास चुकतात ते सांडल्यावर. हात आपसूक फडक्याकडे जातो! ते फडकं कचऱ्यात पडलं की पाणी उडतं, मागे तीव्र पेरॉक्साइड राहतं आणि मग कुणी जवळ नसताना फडकं पेटू शकतं. भुसा, टिश्यू यांचंही तेच. थोडं सांडलं असेल तर भरपूर पाणी ओत. अ‍ॅप्रनवर उडालं तर तो लगेच उतरवून पाण्यात बुडव.

बोटं पांढरी पडून चुरचुरली तर धुऊन घे. तो पांढरेपणा बहुधा काही तासांत जातो. डोळ्यात गेलं तर मात्र पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं पाणी, मग थेट डॉक्टर. गिळलं गेलं तर उलटी करवू नकोस, तडक हॉस्पिटल.

आग लागली तर पाणीच मार. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर इथे फारसा कामाचा नाही, कारण ऑक्सिजन पेरॉक्साइडच पुरवत असतं.