गोव्यातल्या गावात एकटी राहणारी आजी दिवसभर काय करते? तिला कशाची आस असते, कशाची काळजी?

तुमची आजी गोव्यात गावच्या घरी एकटी राहते, तुमच्याकडे यायला तयार नाही आणि फोनवर 'सगळं बरं आहे' यापलीकडे बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिच्या मनात नक्की काय चाललेलं असतं, हा तुमचा प्रश्न. सगळ्या आज्यांचं मला सांगता येणार नाही, माझ्या आजीचं सांगते. ती फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला राहते. वय ऐंशीच्या पुढे. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं पणजी, पुणे आणि परदेशात.

तिला मरणाची भीती वाटते असं मला कधी दिसलं नाही. तिची काळजी एकच आहे: आपल्यामागे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हे घर उघडणार कोण?

गोव्याबाहेरच्यांना हे नीट कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे बहुतेक कुटुंबांत प्रत्येकाच्या घरी वेगळा गणपती नसतो. गणपती मूळ घरात. तीन-चार पिढ्यांची पांगलेली माणसं चवथीला तिथे जमतात, एकाच चुलीवर जेवतात, आणि दीड दिवसाने पुन्हा आपापल्या वाटेने जातात. मूळ घर बंद पडलं की ही सगळी माणसं एकमेकांची नुसती आडनावबंधू उरतात. आजीचं वर्ष या दीड दिवसाभोवती फिरतं. मे महिन्यात कौलं परतून घ्यायची ती चवथीत गळायला नको म्हणून. परसात हळद लावायची ती पातोळ्यांना, म्हणजे हळदीच्या पानात वाफवायच्या गोड पदार्थाला, पानं हवीत म्हणून. गणपतीवर बांधायच्या माटोळीला, म्हणजे फळं-रानफळं टांगलेल्या लाकडी चौकटीला, घागऱ्या, कवंडळं, फागलं, सुपारीचं शिंपटं लागतं. त्यातलं रानात कुठे काय मिळतं हे घरात आता फक्त तिला ठाऊक आहे. तिला रानात जाववत नाही, म्हणून ती गड्याला जागा सांगते: ओहोळाच्या पलीकडे, फणसाच्या वरच्या अंगाला.

दिवस म्हणाल तर तो कामाने भरलेला असतो. उजाडायच्या आधी उठते. सायकलवरून पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की दोन उंडे (गोल पाव) घेते, चहा होतो, मग अंगण, तुळस, देवाची फुलं. दहाला पेज आणि चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. हे चुकवलेलं तिला आवडत नाही, पाहुणा आला तर त्यालाही बसवते. मग काठी घेऊन कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, उतरते. पाटाचं पाणी कुठे तुंबलंय का, माकडांनी किती नारळ पाडले, पावसात सुपारीला कोळेरोग (फळं कुजवणारा रोग) लागलाय का, हे सगळं बघते. नारळ पाडणारे पाडेली वेळेवर मिळत नाहीत हे तिचं नेहमीचं गाऱ्हाणं. सध्या झारखंडहून आलेला एक मुलगा माडावर चढतो. ती त्याच्याशी कोकणीत बोलते, तो तिच्याशी हिंदीत, आणि दोघांचं व्यवस्थित जमतं. तो जेवला की नाही हे विचारल्याशिवाय ती त्याला जाऊ देत नाही.

दुपारी वर्तमानपत्र. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण तिचं वाचन सगळं मराठीत, कारण लहानपणी ती देवळातल्या मराठी शाळेत शिकली. आधी निधनवार्तांचं पान. त्यात ओळखीचं कुणी दिसलं की फोन लावते. मला आधी हे खिन्न वाटायचं. पण ती त्या माणसाच्या माहेरचं, सोयऱ्यांचं सगळं सांगत बसते तेव्हा लक्षात येतं की ती हिशेब ठेवतेय, कोण कुणाचं होतं याचा. दिवेलागणीला हरिपाठ, मग एखादी मालिका, आणि नऊला झोप.

पैशाची चणचण तिला फार नाही. सुपारी बागायतदार संस्थेत जाते, त्याचे येतात. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये खात्यावर जमा होतात. रक्कम छोटी आहे, पण तेच तेवढे तिला 'म्हजे पयशे' वाटतात. नातवंडांच्या हातात ठेवायची नोट त्यातूनच येते. त्रास होतो तो वर्षातून एकदा, हयातीचा दाखला द्यायचा तेव्हा. सुपारी सोलण्यात जन्म गेला, अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या आहेत. यंत्रावर अंगठा उमटतच नाही. एकदा खिडकीवरच्या माणसाने 'नंतर या' म्हणून परत पाठवलं. समोर उभ्या असलेल्या बाईला ती जिवंत असल्याचं सिद्ध करायला पुन्हा या म्हणणं, हे मला अजून सहन होत नाही. २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या माणसांचं प्रमाण केरळच्या खालोखाल गोव्यात होतं, ११ टक्क्यांच्या वर. अशा राज्यात प्रत्येक खिडकीवर म्हाताऱ्यांसाठी एक खुर्ची आणि थोडा धीर असायलाच हवा.

आता ज्या गोष्टीने ती रात्री जागी राहते ती सांगते. तिचा जन्म १९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे पोर्तुगिजांपासून गोव्याच्या मुक्तीच्या आधीचा. जन्माची नोंद पोर्तुगीज भाषेतली. पोर्तुगालच्या कायद्याने अशा माणसाच्या मुला-नातवंडांना तिथलं नागरिकत्व मागता येतं, आणि त्यासाठी हीच नोंद लागते. माझ्या चुलतभावाने ती मागितली. आजीने स्वतः कपाटातली पत्र्याची पेटी काढली, लुगड्याच्या घडीतून कागद सोडवला आणि त्याच्या हातात दिला. त्याचं भलं व्हावं हे तिला मनापासून हवं आहे. पण त्या पासपोर्टापायी भारताचं नागरिकत्व जातं हे तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून दर फोनवर ती त्याला एकच विचारते, "चवथीक येतलो मरे तूं?" (चवथीला येणार ना रे तू?) तो हो म्हणतो. तेवढ्यावर तिचे दोन-तीन दिवस बरे जातात.

दुसरी चिंता घराच्या कागदांची. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने येते. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर अशी नावं आहेत, ज्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. मागच्या भिंतीचं मोठं काम काढायचं तर सगळ्या भागीदारांचे ना-हरकत दाखले आणा म्हणतात. तिला वाटलं होतं की सरळ मृत्युपत्र करून घर सांभाळणाऱ्याच्या नावे करून टाकावं. पण गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम आहे: सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि मुलं असतील तर आपल्या हिश्श्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. उरलेला मुलांचा, तो काढून घेता येत नाही. हा नियम चांगलाच आहे, त्याने विधवा बाई आणि मुली उघड्यावर पडत नाहीत. आजीला आजोबांमागे कुणापुढे हात पसरावा लागला नाही तो त्यामुळेच. मात्र वेळच्या वेळी इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि त्यांचे वाटे ठरवायचं कोर्टातलं काम, केली नाही की दर पिढीला नावं वाढत जातात आणि घर सगळ्यांचं असूनही कुणाचंच राहत नाही.

तुमच्या आजीशी काय बोलावं हेही तुम्ही विचारलंय. 'गोळ्या घेतल्यास का' याला ती 'घेतल्या' म्हणणार आणि बोलणं संपणार. तिला तिच्या अखत्यारीतलं विचारा. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पिठात मोहन किती, माटोळीची लाकडी चौकट कुठल्या खोलीत ठेवलीय, शेजारच्या घरातल्या अमक्याचं लग्न कुणाशी झालं होतं. माझी आजी अशा प्रश्नावर अर्धा तास बोलते, आणि अधेमधे पाय दुखतात, रात्री चक्कर आली होती, हेही आपोआप सांगून जाते. डॉक्टरांना सांगण्यासारखं जे काही मला कळतं, ते असंच कळतं.

आणि घरातल्या मोठ्यांना इन्व्हेंटरीचं काम तिच्या हयातीतच सुरू करायला सांगा. कोण कुणाचा, कोण कधी गेला, कुणाची लेक कुठे दिली, हे वकील तेच विचारतो आणि ते तिच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. आमच्या बाबांनी यंदा सुरुवात केली आहे. वकिलासाठी वंशावळ आजीच सांगते, मी लिहून घेते. सध्या आम्ही पणजोबांच्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचलोय.